रस्ता संपतो तेथून पुढचे घर

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी खरे तर एखाद्या अभियंत्यास पाचारण करावयास हवे होते. मी कला शाखेचा पदवीधर. तारा, खांब आणि लहरी यांच्याशी माझा संबंध आला तो केवळ नोकरीच्या निमित्ताने. योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. आणि ती पोहोचत का नाही, हे शोधता शोधता मी या विषयापर्यंत येऊन ठेपलो. तेव्हा तज्ज्ञाच्या भूमिकेतून नव्हे, तर आपल्यासारख्याच एका कर्मचाऱ्याच्या भूमिकेतून चार गोष्टी आपल्यापुढे मांडणार आहे.

माझ्या डोळ्यांपुढे एक घर आहे. डांबरी सडक जेथे संपते तेथून तीन किलोमीटर पायवाटेने, एक ओढा ओलांडून, सड्यावर चढून गेले की चार-पाच घरांची वाडी लागते. त्यांतील ते शेवटचे घर. वाडीत वीज आहे, नळ नाही. मोबाइल प्रत्येक घरात आहे. परंतु तो घरात वाजत नाही. वाडीच्या वर एक मोठा कातळ आहे. त्याच्यावर उभे राहिले की समोरच्या खोऱ्यातील मनोऱ्याची लहर सापडते. वाडीतील माणसे त्यास ‘रेंजचा दगड’ म्हणतात. निराधार योजनेचे पैसे जमा झाले का, हे आजीबाईंना त्या दगडावरून कळते. आजारी माणसासाठी वाहन मागवावयाचे ते त्या दगडावरून. आणि शिक्षकांना विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची तीही त्याच दगडावर बसून.

या घरातील थोरली मुलगी बारावी उत्तीर्ण झाली, तेव्हा प्रवेशअर्जाची कागदपत्रे पाठविण्यासाठी ती मुदतीच्या अखेरच्या दोन दिवशी भर पावसात त्या दगडावर छत्री धरून बसली होती. कागद अर्धा जाई आणि तुटे. मुदत संपली. पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला तो दूरच्या जिल्ह्यात, आणि घरच्यांनी तिला तेथे धाडले नाही. ही हकीकत तिच्या वडिलांनी मला सांगितली तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. २०२० सालच्या टाळेबंदीत डोंगरमाथ्यावर खोपटी बांधून शिकणाऱ्या कोकणातील मुलांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. टाळेबंदी उठली, अनेक वाड्यांवरचे ते दगड मात्र आजही तेथेच आहेत.

वेग म्हणजे काय?

‘इंटरनेट आहे’ आणि ‘इंटरनेट चालते’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. आपल्या देशात २००४ सालच्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हटले जाई. पुढे ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली, आणि २०२३ मध्ये ती २ मेगाबिट करण्यात आली. या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शिक्षकाने पाठविलेला पाऊण तासाचा एखादा चित्रित पाठ ३०० मेगाबाइटचा आहे असे समजू. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे तो २,४०० मेगाबिट झाला. २५६ किलोबिटच्या वेगाने तो उतरवून घेण्यास अडीच तासांहून अधिक काळ लागेल. २ मेगाबिटने वीस मिनिटे. आणि १०० मेगाबिटने अवघे चोवीस सेकंद. पहिल्या घरातील मूल आणि तिसऱ्या घरातील मूल एकाच इयत्तेत असले, तरी त्यांची शाळा एक राहत नाही.

दूरच्या घरी हा वेग का मंदावतो? पहिले कारण अंतर. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून जाणारा संदेश अंतराबरोबर क्षीण होतो. केंद्राच्या शेजारी उत्तम चालणारी जोडणी चार-पाच किलोमीटरवर रडतखडत चालते. दुसरे कारण वाटेकऱ्यांची संख्या. मोबाइल मनोऱ्याची क्षमता त्याच्या छायेतील सर्वांत वाटली जाते. म्हणून पहाटे चालणारा फोन संध्याकाळी अडतो. तिसरे कारण डोंगर. लहर उजेडाप्रमाणे सरळ जाऊ पाहते. मधे टेकाड आले की त्याच्यामागे सावली पडते. आपल्या सह्याद्रीत सावल्यांना तोटा नाही.

प्रकाशतंतू पंचायतीपर्यंत आला

या अडचणींवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रकाशतंतू, ज्यास आपण ऑप्टिकल फायबर म्हणतो. केसाएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असा हा काचेचा धागा. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे त्याचे उत्पादन होते. या धाग्यातून संदेश प्रकाशाच्या रूपाने जातो. घराघरांत जोडणी देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत वाटेत कोठेही वीज लागत नाही. ज्या भागात वादळानंतर चार-चार दिवस वीज येत नाही, त्या भागास हा गुण किती मोलाचा आहे ते मी सांगावयास नको.

ग्रामपंचायतींना या तंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ मध्ये तिचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे लक्ष्य होते. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्याने ‘महानेट’ या नावाने हे काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या दारात आज हा तंतू येऊन पोहोचला आहे. हे काम लहान नाही, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु तंतू दारात येणे आणि दिवा लागणे यांत अंतर राहिले, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. मी पाहिलेल्या एका पंचायत कार्यालयात यंत्राची पेटी कुलूपबंद होती आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. दुसऱ्या एका गावी रस्त्याच्या रुंदीकरणात तार तुटली आणि ती सांधण्याचे काम कोणाचे, या पत्रव्यवहारात पावसाळा निघून गेला. पहिल्या आराखड्यात तारा एका ओळीत टाकल्या असल्याने एका ठिकाणी तुटले की पुढची सर्व गावे अंधारात जात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत, जिची तरतूद १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे, तारांची कडी करण्याचे ठरले. कडी एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो. दहा वर्षांची देखभालही तीत अंतर्भूत आहे.

या सुधारित योजनेतील एका शब्दाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जेथे ग्रामपंचायतीचे मुख्यालय नाही, अशा सुमारे ३ लाख ८० हजार गावांना ‘मागणीनुसार’ जोडणी देण्याची तरतूद तीत आहे. मागणीनुसार, म्हणजे जो मागेल त्यास. ज्या गावाची मागणी कागदावर नाही, त्या गावास गरज नाही असाच शासनदरबारी अर्थ होतो. वाडीचा माणूस मागणी करण्यासाठी जिल्ह्याच्या गावी येत नाही. त्याच्या वतीने मागावयाचे ते आपणच.

शेवटचे तीन किलोमीटर

आता आपण पुन्हा त्या सड्यावरच्या घराकडे जाऊ. पंचायतीपर्यंत तंतू आला. पुढील तीन किलोमीटरचे काय? मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग तंतूच पुढे नेण्याचा. जमिनीखालून न्यावयाचा तर दीड मीटरहून खोल चर खणावा लागतो, आणि जांभ्या दगडाच्या कातळात ते काम खर्चाचे आहे. त्यापेक्षा खांबांवरून नेणे सोपे. पन्नास मीटरला एक या हिशेबाने तीन किलोमीटरला साठ खांब लागतील. परंतु वाडीत वीज आली आहे, याचा अर्थ खांब आधीच उभे आहेत. वीज खात्याच्या परवानगीने आणि सुरक्षिततेचे नियम पाळून, ज्यात धातू नाही अशी स्वतःचा भार पेलणारी तार त्यांवरून नेता येते. वाट वनजमिनीतून जात असेल तर निराश होण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे, आणि त्या सोयींच्या यादीत वीज व दूरसंचार तारांचा स्पष्ट उल्लेख आहे. हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडावी लागता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या तिच्या अटी आहेत. म्हणजे या कामाची पहिली किल्ली ग्रामसभेच्याच हाती आहे.

दुसरा मार्ग बिनतारी. सडकेजवळच्या शाळेच्या छपरावर एक लहान तबकडी आणि वाडीत दुसरी. दोहोंच्या दरम्यान लहरींचा पूल. ५ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यांवर ही यंत्रे चालतात, ते ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत २०१८ पासून परवानामुक्त आहेत. अंतर तीन काय, दहा किलोमीटरही पार करता येते. अट एकच, की एका तबकडीला दुसरी दिसली पाहिजे.

या अटीने आमची एकदा चांगलीच फजिती केली, ती सांगतो. एका वाडीत आम्ही अशी जोडणी करून पाहिली. चैत्राचे दिवस होते, ऐन आणि सागाची पाने गळून गेली होती. शाळेच्या छपरावरून वाडीतील कौले स्वच्छ दिसत होती. वेग उत्तम मिळाला, छायाचित्रे निघाली, आमच्या खात्याने बातमीही दिली. आषाढात जोडणी मंदावली आणि श्रावणात बंद पडली. मधल्या झाडीला पालवी फुटली होती, आणि ओली पाने या लहरींना भिंतीसारखी अडवितात. शिवाय नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही; तीन किलोमीटरच्या पुलास मध्यावर त्या रेषेभोवती सर्व बाजूंनी चार-सहा मीटर जागा मोकळी लागते. हे गणित आम्हांस ठाऊक नव्हते. वाडीतील एक वृद्ध धनगर आम्हांस म्हणाले, “साहेब, पाहणी पावसाळ्यात करायची असते. उन्हाळ्यात सगळंच दिसतं.” तेव्हापासून पाहणी श्रावणात करावी, हा धडा मी प्रत्येक ठिकाणी सांगत असतो.

झाडी भेदून जाऊ शकतील अशा लहरीही आहेत. त्या दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातील. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी असे दाखवून दिले, की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पंधरा वाहिन्यांपैकी निदान बारा देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत. प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी प्रयोगाची परवानगी घेऊन पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि आसपासच्या गावांत या रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट पोहोचविले. ‘ग्राममार्ग’ या त्यांच्या प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले.

तिसरा मार्ग आकाशातून. जेथे खांबही नाही आणि दृष्टीही पोहोचत नाही, अशा नर्मदाकाठच्या किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्यास उपग्रह हाच आधार. डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेलेला आपला जीसॅट-११ हा उपग्रह ब्रॉडबँडसाठीच घडविलेला आहे. मात्र तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तेथे संदेश जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. वाचनास, पाठ उतरवून घेण्यास त्याने अडत नाही. समोरासमोरच्या संभाषणात तो विलंब जाणवतो. सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहमालिकांत हा दोष फार कमी आहे. अशा सेवेसाठी आपल्या देशात परवाने देण्यात आले आहेत. खर्चाचा विचार करता, तंतू आणि लहर या दोहोंनी हात टेकल्यावरच या मार्गाकडे वळणे शहाणपणाचे ठरेल.

सहकाराचा धडा

हे काम लोकांनी हाती घेतल्यास काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात आहे. तेथील विरळ वस्तीच्या खेड्यांत मोठ्या कंपन्या येईनात, म्हणून २०११ मध्ये गावकऱ्यांनीच एक संस्था स्थापन केली. शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून तार नेण्यास विनामूल्य वाट दिली आणि चर स्वतः खणले; काहींनी श्रमाच्या मोबदल्यात संस्थेचे भाग घेतले. रस्त्याच्या कडेने जाण्याऐवजी तार सरळ शेतांतून गेल्याने खर्च फार वाचला, आणि एकाकी शेतघरांतही सेकंदाला एक गिगाबिटचा वेग आला. श्रमदानाने बंधारे बांधणाऱ्या महाराष्ट्रास यात नवे असे काही नाही. आपल्याकडेही १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी परिवाराभोवतीच्या, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत संगणक केंद्रे जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. पुढे संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींपुरताच होत असल्याचे दिसून आले. ते काम मोबाइलच्या लघुसंदेशांनी अधिक स्वस्तात होऊ शकते, हेही त्यांनी काही गावांत करून दाखविले. तात्पर्य, यंत्र बसविण्यापूर्वी गावास कशाची गरज आहे हे विचारले पाहिजे, आणि बसविल्यावर ते सांभाळणारा माणूस नेमला पाहिजे.

आपण काय करावे?

मित्रहो, उपदेश पुष्कळ झाला. आता करावयाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्या पंचायतीच्या हद्दीतील प्रत्येक वाडी, वस्ती व पाडा नकाशावर दाखवा. तेथे किती घरे, सडकेपासून अंतर किती, विजेचे खांब आहेत का, मोबाइलची लहर कोठे मिळते, या चार बाबी नोंदवा. हे काम शिक्षकांच्या मदतीने आठ दिवसांत होईल.

दुसरी गोष्ट, हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवून जोडणीच्या मागणीचा ठराव करा आणि त्याची पोच घ्या. वाट खासगी शेतातून जात असेल तर त्या खातेदाराची संमती त्याच बैठकीत लेखी घ्या. दूरसंचार तारांच्या मार्गहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. तथापि नियमाने मिळालेल्या वाटेपेक्षा शेजाऱ्याने राजीखुशीने दिलेली वाट अधिक टिकते.

तिसरी गोष्ट, खणण्यापूर्वी विचारा. नळासाठी, गटारासाठी, रस्त्यासाठी जेसीबी लावण्याआधी तेथे तार आहे का, हे पाहण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सरकारी सुविधा मार्च २०२३ पासून मोबाइलवर उपलब्ध आहे. ठेकेदारास ती वापरणे बंधनकारक असल्याचे कामाच्या आदेशातच लिहा.

चौथी गोष्ट विजेची. वाडीतील बिनतारी यंत्र आणि वाय-फाय यांस मिळून वीस वॅट धरले, तर दिवसाला अर्धा युनिट लागतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी निम्मी वापरली तरी एक दिवस काढते. पावसाळी ढगाळ दिवसांचा विचार करून सौर तावदान मोठे घ्या. भूसंपर्काची तार चांगली बसवा. सड्यावर वीज कोसळते तेव्हा पहिले बळी या यंत्रांचे पडतात.

पाचवी गोष्ट, एक वही ठेवा. जोडणी कधी बंद पडली, कोणास कळविले, कधी सुरू झाली, एवढेच तीत लिहावयाचे. आपल्या अहवालांत ‘जोडणी पूर्ण’ असा रकाना असतो. ‘आज चालू आहे का’ असा नसतो. तो रकाना या वहीने भरून निघेल. मासिक वर्गणी कोण गोळा करणार, हेही आधीच ठरवा. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनुसार वाडीतील किराणा दुकानदारही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय चालवू शकतो. दुकानदाराचा फायदा त्यात असला, की यंत्र बंद पडल्यावर तो स्वस्थ बसणार नाही.

कोणी म्हणेल, चार-पाच घरांसाठी एवढा खटाटोप कशाला? वीज आणली तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला होता, आणि वाडीवस्तीवर एकशिक्षकी शाळा काढल्या तेव्हाही. आता तर शिधापत्रिकेची पडताळणी, पीकविमा, सातबारा, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला, सारे काही आपणच तारेवर नेऊन ठेवले आहे. दार तिकडे हलविल्यावर तेथपर्यंत वाट करून देणे ही मेहरबानी नव्हे. ते आपले कर्तव्य आहे.

ज्या घराबद्दल मी बोललो, त्या वाडीचा ठराव गेल्या ग्रामसभेत एकमताने संमत झाला आहे. खांब मोजून झाले. बावन्न उभे आहेत, आठ नवे लागतील. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने वाट दिली आहे. पाहणी मात्र यंदा श्रावणातच करावयाची असे ठरले आहे. त्या घरातील थोरली मुलगी आता वाडीतील लहान मुलांचा अभ्यास घेते. तिची धाकटी बहीण अकरावीत आहे. तिचा प्रवेशअर्ज भरण्याची वेळ येईल त्यापूर्वी आपल्या हाती एकच पावसाळा आहे. त्या अवधीत आपण सर्वांनी मिळून हे काम तडीस न्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!